सिनेमा-मालिकांतल्या चुका: कोणत्या सोडून द्यायच्या, कोणत्या नाहीत?

तिसरी घंटा

सिनेमा बघताना ज्यांचा डोळा आपोआप मागच्या टेबलाकडे, भिंतीकडे, रस्त्यावरच्या पाट्यांकडे जातो असे इथे पुष्कळ जण आहेत. त्यांच्यासाठी हा धागा. नुसती चुकांची यादी नको, त्या जालावर ढिगाने सापडतात आणि सगळीकडे तेच असतं: 'ग्लॅडिएटर'मधल्या उलटलेल्या रथात दिसणारा गॅसचा सिलिंडर, २०१९ साली 'गेम ऑफ थ्रोन्स'मध्ये मेजवानीच्या टेबलावर राहून गेलेला कॉफीचा कप.

मला चुकांच्या जातींबद्दल बोलायचं आहे. एका शॉटमध्ये ग्लासातलं सरबत अर्धं, पुढच्यात काठोकाठ, त्याच्या पुढच्यात पुन्हा अर्धं, ही एक जात. सेटवरचे लोक ज्याला कंटिन्युइटी म्हणतात ती इथे तुटते. दुसऱ्या जातीत गोष्ट ज्या काळात घडते त्या काळात नसलेलीच वस्तू समोर येते. 'भाग मिल्खा भाग'मध्ये सैन्यातला मिल्खा 'नन्हा मुन्ना राही हूँ' म्हणतो. गाणं 'सन ऑफ इंडिया'तलं, आणि तो सिनेमा आला १९६२ला. मिल्खा सिंग रोमला धावले १९६०ला, आणि पडद्यावरचा तो प्रसंग त्याच्याही आधीचा.

सरबताची चूक मी सहज सोडून देतो. काळाची चूक मला सोडवत नाही. मराठीत ऐतिहासिक मालिका आणि सिनेमे सतत येत असतात. घरातली मुलं सतरावं-अठरावं शतक पुस्तकात कमी आणि पडद्यावर जास्त पाहतात. त्यांच्या डोळ्यांपुढे जे चित्र बसतं ते पुढे कोणी पुसायला जात नाही. १९४२च्या मोर्चात लोकांच्या हाती अशोकचक्राचा तिरंगा मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिला आहे. तो ध्वज संविधान सभेने स्वीकारला २२ जुलै १९४७ रोजी. बेचाळीस साली मोर्चातल्या तिरंग्यावर चरखा असायचा, आणि त्या चरख्यासाठी लोकांनी लाठ्या खाल्ल्या. तो पुसून तिथे चक्र आणणं मला किरकोळ वाटत नाही.

तुमचं काय मत? उदाहरणं द्या, पण ती का खुपली किंवा का खुपली नाही तेही लिहा.

क्लॅपवाली

तिसरी घंटा, मी काही वर्षं सहायक दिग्दर्शक म्हणून कंटिन्युइटी सांभाळली आहे, सिनेमात आणि मालिकांतही. तुम्ही सरबत सोडून देता याचा आनंद आहे, पण ते सरबत चुकतं कसं हे लिहावंसं वाटतंय.

चार माणसं जेवायला बसली आहेत असा दीड-दोन मिनिटांचा प्रसंग घ्या. तो चित्रित करायला अर्धा दिवस सहज जातो. आधी मास्टर, म्हणजे सगळे दिसतील असा लांबचा शॉट. मग एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याचा, मग उलट बाजूने, मग एकेकाचे क्लोज. दर वेळी लाइट हलतात, कॅमेरा हलतो, ताटं पुन्हा वाढली जातात, आणि नट तोच संवाद तोच घास घेत परत म्हणतात. कोणत्या शब्दावर कोणी कोणत्या हाताने वाटी उचलली, पोळी कुठून तोडली, आमटी किती उरली, पदर खांद्यावर होता की कमरेला खोचलेला, हे सगळं माझ्या वहीत. पूर्वी पोलरॉइडचे फोटो काढून वहीत चिकटवायचे, आता फोनवर शेकडो फोटो निघतात. पण फोटोत शब्द दिसत नाही. 'अण्णा' म्हणताना वाटी उचलली की 'नको' म्हणताना, हे लिहूनच ठेवावं लागतं.

हॉलिवूडमध्ये या कामासाठी स्क्रिप्ट सुपरवायझर नावाची अनुभवी व्यक्ती असते आणि तिच्याकडे दुसरं काम नसतं. आपल्याकडे अनेक सेटवर अजूनही हे सगळ्यात नव्या सहायकाकडे जातं. तोच क्लॅप देतो, तोच नटांना व्हॅनमधून बोलावतो, तोच गर्दीतल्या लोकांना चालायला सांगतो. त्याची नजर दोन मिनिटं वळली की वाटी भरते.

गजऱ्याचं कोणी लिहीत नाही, म्हणून लिहिते. सकाळी केसांत माळलेल्या मोगऱ्याच्या कळ्या दुपारी दिव्यांच्या उष्णतेने उमलतात आणि संध्याकाळी कडेने पिवळ्या पडतात. पडद्यावर मात्र लग्नघरातला तो सगळा प्रसंग दहा मिनिटांचा असतो. म्हणून एकाच मापाचे गजरे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचे आणि दर दोन-तीन तासांनी बदलायचे. बदलताना गाठ कुठल्या बाजूला होती ते पाहायचं. हेअरड्रेसर ताई आणि ड्रेसदादा हे दोघं नसते तर माझी वही काही कामाची नव्हती.

मालिकांबद्दल एवढंच सांगते की देवघराचा लाइट एकदा लावला की चार-पाच भागांतले देवघरातले सगळे प्रसंग त्याच दिवशी उरकतात. सोमवारच्या भागातलं दुःख आणि गुरुवारच्या भागातलं हळदीकुंकू एकामागोमाग, मध्ये साडी बदलायला पंधरा मिनिटं. संवादांची पानं सकाळी हातात येतात. एखाद्या नटाची तारीख नसेल तर पाठमोरा दुसराच माणूस उभा करून बाकीच्यांचे शॉट घेतात आणि त्याचा क्लोज नंतर कधीतरी जोडतात. हॉलमधल्या घड्याळाचा सेल काढलेला असतो, नाहीतर प्रत्येक कटला काटे उड्या मारतील.

कात्रीकर

क्लॅपवाली ताई, फार चांगलं लिहिलंत. मी संकलक आहे, तुमची वही माझ्याकडे येते तिथून पुढचं सांगतो.

कित्येकदा चूक आम्हाला दिसलेली असते आणि तरी ठेवलेली असते. नटीचे सहा टेक आहेत. पाचात पदर बरोबर आहे. सहाव्यात पदर सरकलाय, पण डोळ्यांत जे आलंय ते बाकी पाचांत नाही. मी सहावा घेतो. दर वेळी घेईन.

वॉल्टर मर्च या मोठ्या संकलकाने कट कुठे करावा याचे सहा निकष सांगितले आणि त्यांना वजनंही दिली: भावना ५१ टक्के, कथा २३, लय १०, प्रेक्षकाची नजर पडद्यावर कुठे आहे याला ७, पडद्याच्या सपाट चौकटीतल्या दिशांना ५, आणि प्रत्यक्ष जागेतल्या सलगतेला, म्हणजे कोण कुठे उभा होता आणि कुठे गेला याला, फक्त ४. भावना एकटी बाकी पाचांपेक्षा जड. म्हणजे सलगता टाकाऊ असं नव्हे. दोन्हींतलं एकच मिळणार असेल तर आधी काय सोडायचं, ते या आकड्यांतून कळतं.

एक खूण सांगतो, बघा सापडते का. दोघांच्या नजरा एकमेकांशी जुळत नसतील तर आम्ही कधी कधी शॉट आरशासारखा उलटा करतो. नजर जुळते, पण डाव्या खांद्यावरचा पदर उजव्यावर जातो, शर्टाची बटणपट्टी बाजू बदलते, भांग सरकतो. मागे पाटी असेल तर अक्षरंच उलटी होतात, म्हणून असा शॉट साध्या भिंतीपुढचाच लागतो.

यष्टीमागे

'लगान' कोणीच कसं काढलं नाही?

गोष्ट १८९३ची. सिनेमातली षटकं सहा चेंडूंची आहेत. इंग्लंडमध्ये १८८९पर्यंत चार चेंडूंचं षटक होतं, तेव्हापासून शतक संपेपर्यंत पाच चेंडूंचं, आणि सहाचं झालं १९०० साली. म्हणजे कॅप्टन रसेलच्या पलटणीला पाचच चेंडू ठाऊक असायला हवेत.

शेवटचा षटकार तर आणखी गंमतीचा. भुवन मारतो, रसेल झेल घेतो, पण त्याचे पाय सीमारेषेबाहेर आहेत, म्हणून सहा धावा आणि लगान माफ. त्या काळी चेंडू नुसता सीमेपलीकडे पडून सहा मिळत नसत, तो मैदानाच्याच बाहेर जावा लागे. हा नियम बदलला १९१०मध्ये. १८९३च्या हिशेबाने चंपानेरवर तिप्पट लगान बसला असता!

हे सगळं माहीत असूनही तो शेवट बघताना दर वेळी घशात आवंढा येतो. आणि काळ अगदी योग्य निवडलाय हेही सांगायला हवं. १८९२-९३च्या हिवाळ्यात लॉर्ड हॉकचा संघ इंग्लंडहून भारतात येऊन खेळून गेला होता. छावणीतल्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या डोक्यात त्या वर्षी क्रिकेट असणं शंभर टक्के पटतं.

तिसरी घंटा

यष्टीमागे, हे उदाहरण माझ्या विभागणीत नीट बसत नाही, म्हणूनच आवडलं. काळाची चूक आहे, पण मला खुपत नाही. २००१च्या प्रेक्षकाला पाच चेंडूंचं षटक दाखवलं असतं तर शेवटच्या षटकात तो चेंडू मोजत बसला असता आणि कचरा-भुवनवरून लक्ष उडालं असतं. इथे बदल गोष्टीच्या बाजूने झालाय. बेचाळीसच्या मोर्चात अशोकचक्र दाखवून गोष्टीला काय मिळालं? काहीच नाही. बाजारात तोच झेंडा तयार मिळतो, एवढंच कारण दिसतं. माझी रेषा बहुधा इथे पडते.

सातासमुद्रापार

सिॲटलहून. क्लॅपवाली यांचं वाचून हिचकॉकचा 'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट' आठवला, १९५९चा. माउंट रशमोरच्या उपाहारगृहात नायिका पिस्तूल झाडते, त्याच्या आधीच मागच्या टेबलावरचा मुलगा कानात बोटं घालतो. बिचाऱ्याने तालमीत आणि आधीच्या टेकमध्ये तो आवाज ऐकलेला असणार. मला ती चूक फार प्रिय आहे.

'स्टार वॉर्स'मध्ये दारातून आत येणाऱ्या एका सैनिकाचं डोकं वरच्या चौकटीवर आपटतं. १९७७च्या मूळ सिनेमात ते तसंच राहिलं. २००४च्या आवृत्तीत त्यांनी ते काढलं नाही, उलट आपटल्याचा आवाज घातला.

आणि तिसरी घंटा यांच्या बाजूने 'टायटॅनिक'. जहाज बुडाल्यावर रोझ लाकडी फळीवर पडून वर बघते, ते आकाश चुकीचं होतं. १५ एप्रिल १९१२च्या पहाटे उत्तर अटलांटिकवर जे तारे दिसायला हवेत ते तिथे नव्हते, शिवाय आकाशाचा अर्धा भाग दुसऱ्या अर्ध्याचं प्रतिबिंब होता. खगोलशास्त्रज्ञ नील डिग्रास टायसन यांनी जेम्स कॅमेरून यांच्यापाशी हा विषय लावून धरला, आणि २०१२ला सिनेमा थ्रीडीत पुन्हा आला तेव्हा कॅमेरून यांनी आकाश बदललं. पंधरा वर्षांनी! प्रेक्षकाने नेमकं सांगितलं आणि करणाऱ्याने ऐकलं.

रानमेवा

वनस्पतिशास्त्र शिकवतो. ऐतिहासिक मालिका लागली की माझं लक्ष घोड्यांपेक्षा मागच्या झाडांवर. या विषयावर कोणीच बोलत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

गुलमोहर. शिवकाळातल्या किंवा पेशवाईतल्या प्रसंगामागे लालभडक गुलमोहर मी अनेकदा पाहिला आहे. हे झाड मादागास्करचं. वनस्पतिशास्त्राच्या नोंदीत ते आलं १८२०च्या दशकात, आणि भारतात लागवड झाली त्यानंतर. पेशवाई संपली १८१८ला. शनिवारवाड्यात राहत असताना एकाही पेशव्याने गुलमोहर पाहिलेला नाही.

बोगनवेल. वाड्याच्या भिंतीवर सुंदर दिसते, म्हणून दिग्दर्शक हमखास तिथे कॅमेरा लावतात. युरोपी अभ्यासकांनी ही वेल पहिल्यांदा नोंदवली ती १७६०च्या दशकात, ब्राझीलमध्ये. थोरले बाजीराव गेले १७४०ला.

झेंडू मूळचा मेक्सिकोचा. पोर्तुगीजांबरोबर तो इथे आला असं मानतात. त्यामुळे शिवकाळात झेंडू असायला हरकत नाही, पण रामायण-महाभारताच्या मालिकांत प्रत्येक खांबाला, प्रत्येक रथाला झेंडूच्या माळा असतात त्या अजिबात बसत नाहीत. देवळाच्या आवारातला पांढरा चाफा, ज्याला खुरचाफा किंवा देवचाफाही म्हणतात, तोही अमेरिका खंडातला. सोनचाफा मात्र आपला.

मला सगळ्यात जास्त लागतं ते गाजरगवत. त्याची भारतातली सुरुवातीची नोंद १९५०च्या दशकातली, आणि तीही आपल्या पुण्यातली. आज ते इतकं सर्वत्र आहे की माळरानावर कॅमेरा लावला की चौकटीत आलंच. मावळे दौडत येतात आणि घोड्यांच्या पायाशी पांढऱ्या बारीक फुलांचं गाजरगवत. ज्या मातीसाठी ती माणसं लढली ती दिसायची कशी, तिच्यावर काय उगवायचं, हेही त्या इतिहासाचाच भाग आहे. ते गवत दिसलं की माझ्यापुरता तो माळ आजचा होऊन जातो.

स्वयंपाकघराचं थोडक्यात: शिवकाळात मिरची चालेल, टोमॅटो नाही. तो आपल्याकडे रुळला इंग्रजी अमलात.

पायरीवर

एवढं बघायचं तर सिनेमा बघायचा कधी? दादासाहेब फाळक्यांच्या १९१७च्या 'लंकादहन'मध्ये अण्णा साळुंके राम होते आणि सीताही तेच. लुगड्यातल्या सीतेचे दंड चांगले कसलेले दिसतात. लोकांनी त्याच सीतेला मनोभावे हात जोडले. प्रेक्षकाला विश्वास ठेवायचा असतो, त्याला गवत दिसत नाही. मला तरी कधी दिसलं नाही, आणि रानमेवा यांच्यामुळे आता दिसेल याचं थोडं वाईट वाटतंय.

तिसरी घंटा

पायरीवर, फाळक्यांचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. तेव्हा पडद्यावर यायला बायका तयार होत नव्हत्या. 'राजा हरिश्चंद्र'मध्येही तारामती साळुंक्यांनीच केली. त्या माणसाने हाती होतं त्यातून सगळं उभं केलं, तिथे दंड मोजायचे नसतात. आजच्या मालिकेला गुलमोहर टाळायला फक्त कॅमेरा चार पावलं सरकवायचा असतो. ते का होत नाही, एवढंच विचारतोय.

वाईकर

आमच्याकडे उलटी तऱ्हा. वाई-मेणवलीत वर्षानुवर्षं चित्रीकरण चालतं आणि आमचं गाव पडद्यावर बहुतेक वेळा दुसऱ्याच राज्यात असतं. 'स्वदेस'मधलं चरणपूर उत्तर प्रदेशातलं, ते आमच्या मेणवलीत उभं राहिलं. 'गंगाजल'मधला बिहारही आमच्या भागातलाच. बाहेरच्या प्रेक्षकाला कळत नाही, पण गंगेच्या सपाट प्रदेशातल्या गावामागे सह्याद्रीचे कातळमाथे आणि काळ्या बेसॉल्टचा घाट दिसला की आम्ही लगेच नावं घेतो. कुठली खिंड, कुठला डोंगर, सगळं.

ही चूक म्हणावी का? मला राग येत नाही, उलट अभिमान वाटतो. 'स्वदेस' लागला की आई अजून टीव्हीपुढे बसून माणसं ओळखते, गर्दीत ओळखीचे चेहरे आहेत तिच्या. पण मनात एक येतं. नाना फडणवीसांचा वाडा आणि घाट ज्या गावात आहे, त्या गावाला स्वतःच्या नावाने पडद्यावर यायला फार कमी मिळालं.

जुनी गाडी

काळ ओळखायचा असेल तर गाड्यांच्या पाट्या बघा. एमएच-०१, एमएच-१२ ही पद्धत १९८९च्या मध्यात आली. त्याआधी महाराष्ट्रात एम पासून सुरू होणारी तीन अक्षरं आणि पुढे आकडा. सत्तरच्या दशकातल्या मुंबईची गोष्ट आणि फियाटवर एमएच-०१, की कलाविभागाने गाडी भाड्याने आणून तशीच उभी केली हे समजा. खासगी गाडीची पाटीही त्या काळी काळी आणि अक्षरं पांढरी. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरं २०००नंतरची.

नोटांचं असं की गांधीजींच्या चित्राची मालिका सुरू झाली १९९६ला. त्यामुळे ऐंशीच्या दशकातल्या खंडणीच्या बॅगेत गांधीजींच्या शंभराच्या नोटांची बंडलं दिसली तर चूक. एक अपवाद ध्यानात ठेवा: पाचशेची नोट १९८७ला आली तेव्हा तिच्यावर गांधीजी होते, आणि १९६९ला जन्मशताब्दीच्या नोटा निघाल्या होत्या. रुपयाचं आजचं चिन्ह २०१०चं. दुकानाच्या पाटीवर ते असेल तर प्रसंग त्यानंतरचाच हवा.

क्लॅपवाली

+१. पाट्या बदलणं सगळ्यात स्वस्त काम आहे, छापलेला स्टिकर लावला की झालं. ते राहिलं तर खरोखर कोणी बघितलं नाही असंच समजावं.

टाळमृदंग

संतांवरच्या मालिकांत कीर्तनाच्या प्रसंगी पेटी वाजते तेव्हा मला फार त्रास होतो. मागच्या पार्श्वसंगीतातली नव्हे, प्रसंगात, बुवांच्या शेजारी ठेवलेली पेटी. हार्मोनियम हे एकोणिसाव्या शतकातलं फ्रेंच वाद्य, आणि जमिनीवर बसून हाताने भाता मारत वाजवायची पेटी त्याच्याही नंतर कलकत्त्यात तयार झाली. तुकोबा सतराव्या शतकातले. वीणा, टाळ, मृदंग यांनी ते कीर्तन भरून जात होतं. पेटी तिथे ठेवली की नुसती तारीख चुकत नाही, स्वर लावण्याची रीतच बदलते. पेटीचे स्वर ठरलेले. वीणेच्या साथीला गाणारा स्वर स्वतः शोधतो.

निशिगंध

डॉक्टर आहे, माझं गाऱ्हाणं एकच. मॉनिटरवर सरळ रेषा आली की पडद्यावरचे डॉक्टर छातीला विजेचा झटका देतात आणि रुग्ण उठतो. सरळ रेषेवर झटक्याचा उपयोग नसतो. झटका देतात तो हृदयाची लय विस्कटलेली असते तेव्हा, विस्कटलेली लय थांबवून नीट सुरू व्हावी म्हणून. हृदयच थांबलं असेल तर छाती दाबत राहणं आणि ॲड्रिनलिन. घरचे लोक आम्हाला विचारतात, 'तो झटका का नाही दिला?' पडद्यावर पाहिलेलं त्यांच्या मनात बसलेलं असतं आणि तेव्हा समजावून सांगायला वेळ नसतो. म्हणून ही चूक मी किरकोळ मानत नाही.

'अमर अकबर अँथनी'तलं तीन मुलांचं रक्त एकाच वेळी आईला, आणि तेही नळीतून वर चढत, याबद्दल मात्र माझी काही तक्रार नाही. ते पाहून कोणी दवाखान्यात तशी मागणी करत नाही.

कात्रीकर

निशिगंध, हा निकष पटला. प्रेक्षक काय घरी घेऊन जातो ते बघायचं.

'शोले'बद्दल लोक वर्षानुवर्षं म्हणतात की रामगढमध्ये वीज नाही, राधा रोज दिवे मालवते, मग वीरू चढतो त्या टाकीत पाणी कसं चढायचं? मला ही चूक वाटत नाही. डिझेलच्या इंजिनावर पंप चालतो, सत्तरच्या दशकात गावोगावी चालत होते.

क्लॅपवाली

रानमेवा सर, तुमचा प्रतिसाद आमच्या सहायकांच्या ग्रुपवर टाकलाय, चालेल ना? तिसरी घंटा विचारतात की कॅमेरा चार पावलं का सरकत नाही. सांगते. घोडे तासांच्या हिशेबाने आलेले असतात, ऊन उतरत असतं, सूर्य ज्या बाजूला हवा त्याच बाजूला ते झाड असतं. पण त्याआधी, जागा बघायला जातो तेव्हा, कोणाला ते झाड परकं आहे हे ठाऊकच नसतं. ठाऊक असतं तर पुढे बैलगाडी उभी करता येते, कडब्याच्या पेंढ्या रचता येतात, गाजरगवत आदल्या दिवशी माणसं लावून उपटता येतं. नंतर संगणकावर पुसायला याच्या कितीतरी पट पैसे जातात. आम्हाला 'हे नको' इतकंच नका सांगू, 'याच्याऐवजी हे' असं सांगा. जागा बघायला जाताना खिशात राहील एवढं.

रानमेवा

अवश्य टाका, आणि हे त्याला जोडा.

मोठं झाड हवं असेल तर वड, पिंपळ, आंबा, चिंच, कडुनिंब, उंबर. कोणत्याही शतकात उभी करा. तोरणाला आंब्याची पानं. माळांना मोगरा, जाई, कण्हेर, सोनचाफा. पौराणिक मालिकेत झेंडूचा केशरी रंगच हवा असेल तर पळसाची फुलं वापरा, शॉटच्या दिवशी ताजी आणावी लागतील.

गुलमोहराच्या लाल रंगासाठी पांगारा किंवा काटेसावर. पण पळस, पांगारा, सावर हे सगळे साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलतात, मे महिन्याच्या शेड्यूलला ओकेबोके झालेले असतात. मेमध्ये चित्रीकरण असेल तर लाल विसरा आणि बहावा शोधा. पिवळे घोस असतात, झाड अस्सल इथलं, आणि डोंगराळ भागात बहुतेक ठिकाणी सापडतं. जागेचा फोटो पाठवलात तर मागची झाडं ओळखून देईन. गाजरगवत मात्र फुलावर यायच्या आत उपटा आणि उपटणाऱ्यांना हातमोजे द्या, त्याने अंगाला खाज सुटते.